रविवारी न येणारा ताप

माझ्या थोरल्या बहिणीला मलेरियातलं कळतं, असं ती स्वतः म्हणायची आणि घरात कोणी ते खोडून काढत नसे. लग्न होऊन ती उकव्याला गेली तेव्हा भाऊजी मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते. खाणीची वसाहत जंगलात होती. तिथे ताप आला की मलेरिया, हे एकच निदान चालायचं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. तिला स्वतःला तो अनेकदा झाला, भाऊजींना झाला, दोन्ही मुलींना झाला. शेजारणी तिला बोलावून न्यायच्या. ती पोराच्या कपाळावर हात ठेवायची, पापणी खाली ओढून पाहायची, थंडी कोणत्या वेळी वाजली ते विचारायची आणि सांगायची, "एकांतरा हाय. आज आला, उद्या नाई येणार, परवा येईन." परवा ताप यायचा. त्यातून तिचं नाव झालं.

भाऊजी निवृत्त झाल्यावर दोघं बालाघाटला राहायला आली. त्यांचं घर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मुली सासरी नागपूरकडे गेल्या होत्या. मधुमेहाने तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली होती. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिचं रक्त यंत्रातून साफ करावं लागे. त्यासाठी नागपूरला हातातली शीर आणि धमनी एकमेकींना जोडण्याची शस्त्रक्रिया दोनदा झाली. दोन्ही वेळा ती जोडणी गुठळीने बंद पडली. मग मानेतल्या मोठ्या शिरेतून, छातीच्या कातडीखालून, थेट हृदयाच्या तोंडापर्यंत जाणारी नळी बसवली. पहिली डावीकडे होती, ती बिघडली आणि तिकडची शीर आकसली. दुसरी उजवीकडे बसली. बसवताना नागपूरचे मूत्रपिंडाचे डॉक्टर म्हणाले, "हिला जपा. मानेत आता दुसरी जागा नाही."

नळीची दोन तोंडं पदराखाली लोंबत असत, एक लाल, एक निळं. ती त्याला कनेक्शन म्हणायची. "लोकाइच्या अंगणात नळाचं कनेक्शन असते, माह्या छातीत हाय," असं आल्यागेल्याला सांगायची.

बालाघाटच्या दवाखान्यातल्या डायलिसिसच्या हॉलमध्ये तिच्या शेजारच्या पलंगावर किरनापूरचा एक कपड्याचा दुकानदार असे. वय चाळिशीच्या आत. त्याच्याही मानेत नळी होती. तो सकाळच्या बसने यायचा आणि आल्याबरोबर तिची कळ काढायचा.

"मावशी, आज कोणाले गोळ्या लिहून देल्या?"

"तुलेच देतो. जीभ आखूड व्हायच्या."

"मंग दुकान कसं चालन माहं?"

"चालन. गिऱ्हाईक तुह्या तोंडानंच पळते."

पहिली थंडी वाजली तेव्हा धान कापणीला आलं होतं. त्या दिवशी सोमवार होता. डायलिसिस करून ती दुपारी घरी आली, पेजेचे दोन घोट घेतले आणि खाटेवर आडवी झाली. थोड्या वेळाने तिचे दात वाजायला लागले. मी तिथेच होतो.

"अवो, गोधडी द्या," ती भाऊजींना म्हणाली. "दुसरीबी द्या. आला माहा जुना पाहुणा."

थंडीनंतर ताप चढला, घाम आला, संध्याकाळी ती उठून बसली. मंगळवारी ती ठीक होती. बुधवारी दुपारी पुन्हा थंडी वाजली. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी पुन्हा.

"एकांतरा," ती म्हणाली. "पाह्यलं? आंगठा लावून सांगतो."

निदान अवाजवी नव्हतं. दर वर्षी पावसाळा सरताना मी स्वतः नागपूरच्या वर्तमानपत्रासाठी जिल्ह्यातल्या मलेरियाच्या बातम्या लिहीत असे. जंगलपट्टीतून थंडीतापाचे रुग्ण येत, फवारणी होई, मच्छरदाण्या वाटल्या जात. एक दिवस येणारा, एक दिवस सोडणारा, दुपारी थंडी वाजवून चढणारा ताप म्हणजे काय, हे इथे शाळेतल्या मुलालाही सांगता येतं. मोहल्ल्यातली आशाताई मलेरिया तपासायचं किट घेऊन आली. बोटातून रक्ताचा थेंब काढला. पट्टीवर एकच रेघ उमटली. एक रेघ म्हणजे मलेरिया नाही.

"किटले काय समजते," बहीण म्हणाली. "थो लपून बसते. माह्या हाडात बसला हाय तो, उकव्यापासून."

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त शब्द वेगळे होते. त्यांचा दवाखाना जुना होता आणि त्यांनी असे रुग्ण खूप पाहिले होते. किट कधी कधी चुकते, म्हणाले. मलेरियाचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. इंजेक्शन मंगळवारी दिलं होतं. त्या दिवशी थंडी वाजली नाही, म्हणून औषध लागू पडलं असं ठरलं. बुधवारी वाजली तेव्हा औषध कमी पडलं असं ठरलं, आणि गोळ्या वाढवल्या. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्या किती द्यायच्या, यावर भाऊजी आणि डॉक्टर यांची थोडी बोलाचाली झाली.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. भात, पातळ वरण आणि तिच्यासाठी वेगळी शिजवलेली, पाणी काढून टाकलेली भाजी. शुक्रवारी थंडी वाजली असेल तर एकांतऱ्याच्या हिशेबाने रविवारी ताप यायला हवा. तो कधीच आला नाही. हे तिच्याही लक्षात आलं होतं आणि तिने त्याचा खुलासा तयार ठेवला होता.

"माहा मच्छर सरकारी नौकर हाय," ती म्हणाली. "इतवारी सुट्टी घेते."

आम्ही सगळे हसलो. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. ते वाक्य मोहल्ल्यात फिरलं, डायलिसिसच्या हॉलमध्येही पोहोचलं. किरनापूरचा दुकानदार दर शुक्रवारी विचारू लागला, "मावशी, साहेबाले उद्या हाफ डे का?" तापाचं कारण त्या वाक्यातच होतं, पण ते कोणी कारण म्हणून ऐकलं नाही.

असं बरेच आठवडे चाललं. ती वाळत गेली. नळीभोवतीच्या कातडीवर काही दिसत नव्हतं. लाली नव्हती, पू नव्हता, दुखणं नव्हतं. पट्टी स्वच्छ होती. हॉलमध्ये यंत्र सुरू असताना तिला अधूनमधून शहारे येत, पण तिथे एसी लावलेला असतो आणि तिथे कोणालाही थंडी वाजते. भाऊजी घरून शाल नेऊ लागले.

मग एका बुधवारी हॉलमधला पाणी शुद्ध करण्याचा प्लांट बिघडला. त्या पाण्याशिवाय यंत्रं चालत नाहीत. सगळ्यांना परत पाठवलं आणि उद्या या म्हणून सांगितलं. बुधवार दुपार कोरडी गेली. थंडी नाही, ताप नाही. संध्याकाळी बहिणीने जाहीर केलं की मलेरिया मोडला. भाऊजींनी शेजारी सांगितलं.

गुरुवारी सकाळी तिला यंत्र लावलं. रक्त फिरायला लागून फार वेळ झाला नव्हता, तोच ती हादरायला लागली. नुसते शहारे नव्हते ते. पलंगाचे पाय फरशीवर वाजत होते. दुसऱ्या पलंगांवरचे लोक उठून पाहू लागले. त्या दिवशी ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर बाई होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्या धावत आल्या. थंडी थोडी उतरल्यावर बहिणीने त्यांनाही तिचा विनोद ऐकवला.

"मॅडम, मेरा मच्छर सरकारी नौकर है. इतवार को छुट्टी लेता है. कल प्लांट बंद था तो उसने भी छुट्टी ले ली, आज ड्यूटी पे आ गया."

दुकानदार हसला. डॉक्टर बाई हसल्या नाहीत.

"इतवार को कभी नहीं आया?" त्यांनी विचारलं.

"कभी नहीं."

"मंगलवार? शनिवार?"

"नहीं ना, मॅडम. एकांतरा है."

"और कल डायलिसिस नहीं हुआ, तो कल भी नहीं आया."

बहीण भाऊजींकडे पाहत राहिली. भाऊजी त्या वेळी शालीची घडी घालत होते. त्यांनी अर्धी घडी तशीच धरून ठेवली.

डॉक्टर बाईंनी मला आणि भाऊजींना बाजूला नेऊन समजावलं. नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा थर बसतो, पाण्याच्या पाइपात आतून बुळबुळीत थर बसतो तसा. एरवी नळी बंद असते, तेव्हा रक्तात फार काही जात नाही. यंत्र लावलं की रक्त जोराने त्या थरावरून वाहतं आणि जंतूंचा लोंढा थेट हृदयात जातो. मग थंडी वाजते. कधी लगेच, कधी काही तासांनी. आठवड्यात ज्या दिवशी डायलिसिस, त्याच दिवशी ताप. बाहेरून नळी चांगली दिसते, म्हणून ती चांगली आहे असं समजायचं नाही. त्या म्हणाल्या की हे आधी सिद्ध करावं लागेल, आणि अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाण्याआधी रक्त काढावं लागेल.

रक्त दोन ठिकाणांहून घ्यायचं होतं, एक नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून. नळीतून लगेच मिळालं. हाताची शीर सापडेना. दोन नर्सनी प्रयत्न केले. शेवटी मनगटाच्या मागे एक बारीक शीर लागली. बाटल्यांवर कुठलं रक्त कुठलं ते लिहिलं, वेळ लिहिली. मग औषध सुरू झालं. या बाटल्या लावायचं यंत्र गोंदियातल्या एका खासगी प्रयोगशाळेत होतं. त्या मी घेऊन जायचं ठरलं.

तोवर भाऊजी कोपऱ्यावरच्या दुकानातून थर्मासभर बर्फ घेऊन आले होते. उकव्याहून तपासणीला जाणारा रक्ताचा प्रत्येक नमुना त्यांनी बर्फात जाताना पाहिला होता. डॉक्टर बाईंनी तो परत न्यायला सांगितला. या बाटल्यांमधले जंतू वाढले तरच कळणार होतं. गारठ्यात ते वाढले नसते.

"म्हणजे तेले जगवत घेऊन चालला तू?" बहिणीने मला विचारलं.

"हौ."

"मंग सांभाळून ने बापू. इतके दिवस म्या पोसला त्याले."

गाडीत मी पिशवी मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईने त्यात काय आहे विचारलं. औषध आहे म्हणालो.

निकाल फोनवर आला. दोन्ही बाटल्यांत जंतू वाढले होते. नळीतल्या रक्ताच्या बाटलीत ते हाताच्या बाटलीपेक्षा काही तास आधी दिसले होते. तेच हवं होतं. ज्या रक्तात जंतू जास्त, त्या बाटलीत ते आधी दिसतात. उगम नळीच होती. जंतू कातडीवर आणि नाकात राहणारा नेहमीचाच होता, पण साध्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीचा. तो नळीत शिरला कसा, हे कोणी सांगू शकलं नाही. उन्हाळ्यात पट्टीखाली घाम आला असेल, आंघोळीत पाणी लागलं असेल, टोपण उघडताना कोणाचा हात लागला असेल. नळी बसवल्यापासूनच्या तीन वर्षांतला कुठला एक क्षण, तो शोधून काढता येत नाही.

औषधाने रक्तातले जंतू मरतात, थरातले राहतात. या जातीच्या जंतूबाबतीत नळी काढण्याला पर्याय नसतो. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं.

"काढली त मी कायच्यावर जगू?" बहीण म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "ठेवली त तिच्यानंच मरशीन ना."

"थे मले समजते. मी तुमाले नाई विचारून राह्यली. डॉक्टरले विचारून राह्यली."

नागपूरच्या डॉक्टरांनी तिला सरळ उत्तर दिलं. नळी काढायची. काही दिवस अंगात नळीच ठेवायची नाही, म्हणजे नव्या नळीवर जंतू बसणार नाहीत. त्या दिवसांत पाणी जवळजवळ बंद, फळं बंद, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू नये म्हणून पहारा. मग जांघेतून नवी नळी. मानेत जागा नाही. जांघेतली नळी फार दिवस टिकत नाही, आणि तिच्यात जंतू अधिक लवकर शिरतात, हेही त्यांनी सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काढा."

नळी निघाली. पुढचे दिवस तिने नागपूरच्या वॉर्डात काढले. ती ओला कापूस ओठांवरून फिरवायची आणि नर्सला म्हणायची, "माह्या घरी विहीर हाय, अन इथं बोटभर पाणी." घरी विहीर नव्हती. उकव्यालाही नव्हती. मुली आलटून पालटून बसत. तिचे पाय सुजले, श्वास लागायला लागला, तेव्हा जांघेत नवी नळी घातली आणि यंत्र लावलं. थंडी वाजली नाही. भाऊजींनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "आज सोमवार हाय. नाई वाजली."

मग पुन्हा तपासायला काढलेलं रक्त परत आलं. औषध चालू असूनही त्यात जंतू होते. म्हणजे ते आता दुसरीकडे कुठेतरी बसले होते. हृदयाची सोनोग्राफी झाली. एका झडपेवर एक लहानसा गोळा चिकटला होता. पडद्यावर तो प्रत्येक ठोक्याबरोबर फडफडताना दिसला. तिने मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "थो हाय का?" तपासणाऱ्या डॉक्टरने हो म्हटलं.

"बारीक हाय," ती म्हणाली.

सहा आठवडे औषध घ्यायचं, प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी, असं ठरलं. त्यासाठी ती बालाघाटला परत आली. जांघेतल्या नळीमुळे तिला मांडी घालून बसता येत नव्हतं. खाट दारासमोर हलवली, म्हणजे रस्ता दिसेल. शेजारणी आता तिला बोलावत नव्हत्या, येऊन बसत होत्या. तरीही एकीच्या नातवाला ताप आला तेव्हा तिने खाटेवरूनच त्याची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "दवाखान्यात ने. मले काही समजत नाई." सोमवार, बुधवार, शुक्रवार असे बरेच गेले. थंडी वाजली नाही. दुकानदार म्हणाला, "मावशी, मच्छर रिटायर झाला." ती म्हणाली, "पेन्शन घ्यायले येईन, पाह्यजो."

औषधाचे शेवटचे दिवस राहिले होते. त्या रविवारी आम्ही जेवण घेऊन तिच्याकडे गेलो. तिने भात चिवडला. मी ताट उचलत होतो तेव्हा तिचा हात खाटेच्या दांडीवर वाजायला लागला. आधी वाटलं ती मुद्दाम वाजवते आहे. मग दात वाजले.

भाऊजींनी गोधडी घातली, मग दुसरी.

"आज इतवार हाय ना?" तिने गोधडीतून विचारलं.

"हौ," भाऊजी म्हणाले.

"मंग सुट्टी बंद केली त्यानं."

त्याचा अर्थ तिला, भाऊजींना आणि मला कळला होता. आता यंत्राशी, नळीशी, वाराशी त्या तापाचा संबंध उरला नव्हता. डॉक्टर बाई घरी आल्या, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि फोन करायला बाहेर गेल्या. नागपूरला पोहोचेपर्यंत तिला आडवं झोपता येत नव्हतं. झडप फाटली होती. शल्यचिकित्सकांनी तपासलं आणि हे शरीर ती शस्त्रक्रिया सोसणार नाही, असं मुलींना सांगितलं. ती बुधवारी गेली.

नागपूरच्या वर्तमानपत्रात आलेली निधनवार्ता मीच लिहिली. तिथे अशा मजकुरात अल्पशा आजाराने असं लिहिण्याची पद्धत आहे. मी ते दोन शब्द गाळले. छापून आलं तेव्हा ते परत घातलेले होते.

बालाघाटच्या घरी लोक येत राहिले. उकव्याचे जुने शेजारी आले, रामपायलीकडचे नातेवाईक आले. प्रत्येक जण तेच विचारायचा, काय झालतं. सुरुवातीला भाऊजी नळीचं सांगायचे. लोक ऐकायचे आणि मग विचारायचे, कोणती नळी, काहून घातली, कोणी घातली, तुम्ही कसं घालू दिलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी म्हणू लागले, "मलेरिया बिघडला." त्यावर कोणी पुढे विचारत नव्हतं. लोक मान हलवायचे, आपापल्या घरातला एखादा मलेरिया सांगायचे आणि चहा प्यायचे. मी शेजारी बसलेला असे. मी दुरुस्ती केली नाही. उत्तर देण्याचा हक्क त्यांचा होता.

किरनापूरचा दुकानदार एका शुक्रवारी, डायलिसिसनंतर, हॉलमधूनच आला. मानेची पट्टी शर्टाच्या कॉलरखाली होती. त्याने दारात चप्पल काढली, भाऊजींना जय भीम केला आणि भिंतीला टेकून बसला. डॉक्टर बाई पुढच्या शिक्षणासाठी गेल्या, त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही, एवढं सांगितलं. त्याने अंगावरचं जॅकेट काढलं नव्हतं. दुपारची वेळ होती आणि बाहेर ऊन होतं.

भाऊजी त्याच्याकडे पाहत होते.

"जॅकेट काहून घातलं?" त्यांनी विचारलं.

"जराशीक थंडी वाटून राह्यली, काका. मलेरिया हाय. आमच्या तिकडं चालू हाय सद्या. गोळ्या चालू हायेत."

"किटमंदी निघाला?"

"किटमंदी नाई. पण मलेरियाच हाय. आज येते, उद्या नाई येत."

भाऊजी त्याच्याजवळ सरकले.

"इतवारी येते काय?"

दुकानदाराने आठवून पाहिलं. त्याचा हात कॉलरपाशी गेला आणि तिथेच राहिला.

"इतवारी नाई," तो म्हणाला. "इतवारी त मी दुकानात बसतो."

भाऊजी उठले आणि दारात चप्पल शोधू लागले.